लाल कापडातला फाळ

मनोहरलाल रहांगडाले यांनी टेबलावर लाल कापडाचं बोचकं ठेवलं आणि गाठ सोडली. आतून नांगराचा फाळ निघाला.

"काल कोजागिरीले उघडलो तं हे निघालं," ते म्हणाले. "याच्यात माह्यं पिस्तूल होतं."

टेकचंदच्या हातातला चहा बशीत सांडला. मनोहरलाल त्याचे मावसभाऊ. ते पिस्तूल घरात आलं त्या दिवशी पेढे वाटायला टेकचंदच पुढे होता. परदेशी बनावटीचं, बत्तीस बोअरचं, एका निवृत्त नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर घेतलेलं. वरचा भाग आणि नळी पोलादाची, खालचा सांगाडा आणि मूठ पॉलिमरची. कोणी त्याला प्लास्टिक म्हटलं की मनोहरलालांना कुळाचा अपमान झाल्यासारखं वाटे, आणि त्यांच्या खालोखाल टेकचंदला.

बँकेतली कारकुनी संपल्यावर टेकचंद हिमांशु कापगतेबरोबर हिंडू लागला होता. हिमांशु खाजगी गुप्तहेर. गोंदियात सायकलच्या दुकानावर त्याचं हे ऑफिस, लग्नाआधीच्या चौकश्या आणि राइस मिलमधल्या चोऱ्या यांवर पोट. मूळचा नवेगावकडचा, तळी बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरातला. तो बोलायचा कमी आणि टेकचंद जास्त, त्यामुळे दोघांचं जमत असे.

"सुरुवातीपासून सांगा, काकाजी," हिमांशु म्हणाला.

"आमी पोवार. माळव्यातून आलो तवा हातात तलवार होती, नांगर मागून आला. दसऱ्याले दोन्ही पुजतो. पूजा झाली का पिस्तूल लाल कापडात बांधून लोखंडी कपाटात. कोजागिरीपर्यंत गाठ सोडायची नाई. फाळ, विळे देवघरातच राह्यतात."

"बोचकं कपाटात कोणी ठेवलं?"

"मी. या हातानं."

"तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"कायी नाई. देवाचा प्रसाद उचलावा तसं उचललो."

"किल्ली?"

"माह्या करदोड्याले. आंघोळीच्या वक्ती खुंटीले टांगतो, तेवढीच. लोकेंद्रनं मागतली का देतो. पोरगाच हाये." मनोहरलालांनी लाल कापड सारखं केलं. "अना आमच्या घरची एक रीत हाये. रिकामं हत्यार पुजायचं नाई. सालभर पिस्तूल रिकामं, गोळ्या अलग डब्यात. दसऱ्याले मात्र मी सोता भरतो."

"म्हणजे आत्ता ते जिथे कुठे आहे, तिथे भरलेलं आहे."

मनोहरलालांनी मान खाली घातली. साठी उलटलेला, पंचक्रोशीत शब्दाला मान असलेला माणूस असा दुसऱ्याच्या टेबलाकडे पाहत बसलेला टेकचंदनं कधी पाहिला नव्हता.

"उद्या परवान्याच्या नूतनीकरणाले ठाण्यात हत्यार दाखवाचं हाये," ते म्हणाले. "या भागात ते हातात घेतलं नाई असा एक पाहुणा नाई. आता हरपलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? लोकेंद्र म्हणते, बकारामचं नाव टाकून रिपोर्ट देऊ. फाळ त्याच्याच नांगराचा हाये. वीस वर्षांपासून घरचा सालदार गडी हाये, पण उद्या सकाळपर्यंत सापडलं नाई तं मले तेच करा लागंन."

हिमांशुनं फाळ उचलून टेकचंदच्या हातात दिला. टेकचंदचा हात टेबलाकडे झुकला.

"बाप रे, जड आहे," टेकचंद म्हणाला आणि फाळ खाली ठेवला. त्याच्या लेखी त्या फाळाचं काम तिथेच संपलं.

मनोहरलाल पुढे निघाले, मागून हे दोघं. गाव बिरसीच्या पलीकडे. फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं वर घिरट्या घालत होती आणि खाली हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी चालली होती. वाटेत टेकचंदनं हिमांशुला पॉलिमरची सगळी महती ऐकवली. पावसाळ्यात गंज नाही, घामानं डाग नाही, कडाक्याच्या थंडीतही मूठ हाताला गार लागत नाही. रिकामं करून घोडा ओढला की असा काही स्वच्छ 'खट्ट' आवाज येतो की पुन्हा ओढावासा वाटतो. मनोहरदादा प्रत्येक पाहुण्याला एकदा ओढू देतात.

"घरात सगळ्यांना देतात?" हिमांशुनं विचारलं.

"बायांना कशाला? त्यांना काय कळते त्यातलं?"

हिमांशुनं गाडी गावात वळवली.

घरासमोरच्या आंगणात, उन्हात, बकाराम उकिडवा बसला होता. गळ्यात दुपट्टा, हात गुडघ्यांवर. सकाळपासून लोकेंद्रनं त्याला तिथून हलू दिलं नव्हतं. लोकेंद्र मनोहरलालांचा एकुलता मुलगा, तिशीचा, हसतमुख, पायात पांढरे बूट. त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर त्या पिस्तुलाचाच फोटो होता.

"आधी याचं घर पाहू," टेकचंदच म्हणाला. हिमांशु नको म्हणाला, पण टेकचंदच्या अंगात उत्साह संचारला होता. लोकेंद्रला घेऊन तो बकारामच्या झोपडीत शिरला. गोधड्या उलटल्या, चुलीमागे हात घातला, शेवटी कोपऱ्यातलं तांदळाचं मडकं जमिनीवर पालथं केलं. अशा लोकांची लपवायची जागा तीच, असं तो ठामपणे बोललासुद्धा. बकारामची बायको रुख्मा दाराशी उभी राहून पाहत होती. तांदूळ शेणाच्या जमिनीवर पसरले, खडे-मातीत मिसळले. पिस्तूल नव्हतं.

"सापडलं?" रुख्मानं विचारलं.  टेकचंद हात झटकून बाहेर आला, आणि त्याला स्वतःचा थोडा रागही आला, पण तो त्यानं बकारामवरच काढायचं ठरवलं.

चौकशी सपरीत, म्हणजे घरासमोरच्या पडवीत झाली. पहिला बकाराम.

"फाळ तुझाच?"

"हाव जी. दसऱ्याले पुजेले देल्लो, तो देवघरातच होता."

"मग घरात कधी आलास?"

"नाई आलो जी. दुसऱ्या दिसापासून धान कापून राहिलो. खळ्यावरच झोपतो. आज सकाळी बलावलं म्हून आलो."

"पिस्तूल कधी हातात घेतलंस का?"

"हाव. मालक शेतात आले का थैली माह्याच खांद्याले राह्यते. कायी वजन नाई त्याले. पोराच्या खेळण्यावानी."

टेकचंदनं डोळे वटारले. खेळणं म्हणतो.

दुसरा लोकेंद्र. तो खुर्चीवर आरामात रेलला. "देखो साहब, सीधी बात हाये. फाळ त्याचा, नियत त्याची. आमाले काऊन विचारून राहिले?"

"तुम्ही पिस्तूल नेहमी घेता?"

"कधीमधी. बाबूजी देतात. मुठीले अशी गरमाहट राह्यते ना, जशी जिंदा चीज. खोलीत बसून ट्रिगरची प्रॅक्टिस करतो. खाली असते, खतरा नाई."

मनोहरलालांनी मान डोलावली. "रातच्याले मले आवाज येते खट्ट खट्ट. म्या म्हणतो, चला, पोराले शौक तं लागला." त्यांच्या आवाजात त्याही परिस्थितीत थोडं कौतुक उतरलं होतं.

मग मनोहरलालांच्या पत्नी राजकुमारीबाई. त्यांनी चोरीचं काही सांगितलं नाही, सुनेचंच कौतुक केलं. "योगेश्वरीसारखी सून भेटत नाई, भाऊ. सासऱ्याच्या आंघोळीले पाणी तेच काढते. माही कंबर धरली हाये, तं दसऱ्यापासून कोठीतले तांदूळ मले काढूच देत नाई. म्हणते, आई तुमी वाकू नका, मी काढतो."

"मुलाच्या खोलीतला तो आवाज तुम्हालाही येतो?"

राजकुमारीबाईंनी पदर सारखा केला. "येते कधी. रिकामं असते ते." आणि त्या उठून आत गेल्या.

शेवटी योगेश्वरी चहा घेऊन आली. सव्वीस-सत्तावीसची, बालाघाटकडचं माहेर, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. ट्रे ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही पिस्तूल कधी हातात घेतलंय का, ताई?" हिमांशुनं विचारलं.

"नाई. कधीच नाई."

"कसं असतं, सांगता येईल?"

"बंदूक कशी असंल? लोखंड. थंडगार." बोलताना तिनं डोक्यावरचा पदर उजव्या कानामागे दाबून धरला.

टेकचंदला हसू आवरलं नाही. "अगं सूनबाई, तीच तर त्याची कमाल आहे. ते थंड लागतच नाही. मूठ पॉलिमरची."

"मागून नसंल लागत, काकाजी," योगेश्वरी म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

हिमांशुचा चहा निवून गेला.  मग त्यानं टेकचंदला बाहेर आंगणात नेलं.

"टेकचंदभाऊ, तुमचे दादा रागीट आहेत का? सुनेच्या बाबतीत?"

"दादा? छे. मुंगीला वाट देतील. फक्त पिस्तुलाचं वेड आहे, तेवढंच."

"तर मग बोलायला हरकत नाही," हिमांशु म्हणाला. त्याचा चेहरा एखादी मयत सांगायला निघालेल्या माणसासारखा झाला होता.

त्यानं सगळ्यांना सपरीत बोलावलं. लोकेंद्रला दारापासून दूर, वडिलांच्या शेजारी बसवलं. योगेश्वरी पुन्हा चौकटीशी. बकाराम आंगणातच होता, पण ऐकू येईल इतका जवळ.

"टेकचंदभाऊंनी सकाळी फाळ उचलला आणि म्हणाले, जड आहे," हिमांशुनं सुरुवात केली. "पिस्तूल त्याच्यापुढे काहीच नाही. काकाजी, तुम्ही ते पिस्तूल हजारदा तोललंय. दसऱ्याला तुम्ही बोचकं उचललं तेव्हा आत फाळ असता तर तुमच्या हाताला कळलं नसतं?"

 "कळलं असतं," मनोहरलाल हळूच म्हणाले.

"म्हणजे तेव्हा आत पिस्तूलच होतं. अदलाबदल नंतर झाली, कपाट किल्लीनं उघडून. आणि नंतर बकाराम घरात आलेलाच नाही. तो धान कापत होता, हे सगळं गाव सांगेल. शिवाय चोरी करून आपल्याच नांगराचा फाळ मागे ठेवायला तो काही वेडा नाही. ज्यानं ठेवला, त्याला देवघरात जे हाताला लागलं ते ठेवायचं होतं. बोचकं चपटं दिसू नये, एवढंच."

"तं मग कोण?" लोकेंद्र म्हणाला. "मी का?"

"तुम्हाला मागितलं की मिळतं. चोरायची गरज काय?" हिमांशुनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "किल्ली खुंटीला फक्त आंघोळीच्या वेळी असते. त्या वेळी तिथे पाणी काढून द्यायला कोण असतं, ते आईंनी सांगितलं. आणि दसऱ्यापासून तांदळाच्या कोठीत दुसऱ्या कोणाला हात घालू न देणारं कोण, तेही आईंनीच सांगितलं. टेकचंदभाऊ, तांदळात शोधायची तुमची अक्कल बरोबर होती. घर चुकलं."

टेकचंदला वाटलं, कोणी भर बाजारात थोबाडीत मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण, आणि तेही मोठ्या तोऱ्यात. त्यानं आंगणाकडे पाहायचं टाळलं.

"सूनबाई?" मनोहरलाल उठले. "तू? कायले?"

"बसा, काकाजी," हिमांशु म्हणाला. "कोणी चोरलं, हा प्रश्न लहान आहे. माझे आजोबा तळ्याच्या पाळीवर राखण करायचे. ते म्हणायचे, पाळ फुटली म्हणून लोक पावसाला शिव्या देतात, पण ती आतून कधीची झिरपत असते." त्यानं आवाज खाली आणला. "आज मी जितक्या लोकांशी बोललो, त्या सगळ्यांनी पिस्तुलाची एकच बाजू सांगितली. हलकं आहे, मूठ उबदार आहे. ज्यांनी ते मुठीनं धरलं, त्यांना तेवढंच ठाऊक. एकट्या योगेश्वरीताई म्हणाल्या, थंडगार. लोखंड थंड असतं हे कोणीही अंदाजानं म्हणेल. पण टेकचंदभाऊंनी चूक काढली तेव्हा त्या काय म्हणाल्या? मागून नसंल लागत."

हिमांशुनं बोटांनी पिस्तूल धरल्यासारखं केलं.

"पोलाद नळीच्या तोंडाशी आहे. ज्यानं पिस्तूल कधी हातात घेतलं नाही, त्याला ते तोंड थंड असतं हे कसं कळावं? एकाच रीतीनं. दुसऱ्यानं मूठ धरलेली असते आणि तोंड याच्या अंगाला लागलेलं असतं. हे बोलताना ताईंचा हात उजव्या कानामागे गेला होता."

"मजाक होती," लोकेंद्र म्हणाला. हसण्याचा त्यानं प्रयत्न केला. "बाबूजी, खाली असते ना ती. तुमालेच मालूम हाये. खाली बंदुकीनं काय होते? ऐकत नसली का जरासं भेव दाखवाचं."

मनोहरलाल त्याच्याकडे पाहत राहिले. रात्री ऐकू येणारा तो आवाज आता त्यांना पुन्हा ऐकू येत असावा. ज्याला ते पोराचा शौक म्हणत होते, तो आवाज सुनेच्या कानाशी होत होता. भिंतीच्या अलीकडे ते कूस बदलून समाधानानं झोपत होते.

"सालभर रिकामं असतं, हे खरं," हिमांशु म्हणाला. "पण दसऱ्याला तुम्ही ते भरता. काल गाठ सुटली असती, दूध झालं असतं, मागून दारूही झाली असती. आणि लोकेंद्रनं सवयीनं ते मागितलं असतं. ताईंनी कोजागिरीच्या आधीच का काढलं, ते आता तुम्हीच समजून घ्या."

योगेश्वरी पहिल्यांदाच आपणहून बोलली. 

"गोळ्या काढाच्या राहून गेल्या तं? याले धुंदीत कायी समजत नाई. मी फडक्यात धरून कोठीत टाकलो, इंचवाले उचलावं तसं. फाळ कोणाचा हाये हे नाई पाहिलो. बकारामकाकावर येईन असं वाटलं नाई. सकाळपासून त्याइले उन्हात पाहून राहिलो, अना मुकी राहिलो. त्याची मले लाज वाटते. बाकीची मी काऊन लाज वाटून घेऊ?"

"मले सांगतली असतीस," मनोहरलाल म्हणाले.

"आईले सांगतलो होतो."

राजकुमारीबाईंनी पदर तोंडावर ओढला. पदराआडून रडण्याचा आवाज आला. "म्या म्हणलो, रिकामं असते, भिऊ नको," त्या म्हणाल्या. "म्हणलो, घरची गोष्ट हाये, बाहेर कायले?"

मनोहरलाल आत गेले. कोठीचं झाकण सरकल्याचा आवाज झाला. ते परतले तेव्हा हाताला कोपरापर्यंत तांदळाची पांढरी पूड लागली होती आणि पिस्तूल फडक्यातच होतं. त्यांनी मॅगझीन काढलं, नळीत काही नाही ना ते पाहिलं. इतकी वर्षं पाहुण्यांपुढे हे सगळं ते किती ऐटीत करत. आज त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून केलं. एकदा त्यांचा अंगठा नळीच्या तोंडाला लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"उद्या ठाण्यात दाखवाले नाई, जमा कराले नेतो," ते म्हणाले.

"कारण विचारतील," हिमांशु म्हणाला.

"सांगीन. भरलो मी, किल्ली देल्लो मी, शौक लावलो मी. पोरानं काय केलं तेही सांगीन."

"बाबूजी, लोक काय म्हणतील?" लोकेंद्र उठला.

"जे म्हणाचं ते म्हणू दे." ते सुनेकडे वळले, पण तिच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही. "बेटा, तुले माहेरी जाचं असंल तं मी सोता पोहचवून देतो."

"मी कायले जाऊ?" योगेश्वरी म्हणाली. "ज्याले जाचं त्याले पाठवा."

मनोहरलालांनी मान डोलावली, आणि मुलाला म्हणाले, "कपडे भर. आजच." लोकेंद्र आईकडे पाहू लागला. आईनं पदर काढला नाही.

मग मनोहरलाल पायरी उतरून आंगणात गेले. बकाराम उठून उभा राहिला, वीस वर्षांच्या सवयीनं.

"बकाराम, सकाळपासून पाणी पेलास का?"

"कोणी देल्लं नाई जी."

मनोहरलाल स्वतः घरात गेले आणि गडवाभर पाणी घेऊन आले. बकारामनं ओंजळ पुढे केली. ते म्हणाले, ओंजळ नको, गडवा धर. बकारामला ते जमेना, आणि दोघंही तो गडवा धरून उभे राहिले.

परतीला हिमांशु गाडीत जाऊन बसला. टेकचंद आलाच नाही. थोड्या वेळानं हिमांशुनं हॉर्न वाजवला, मग तोही थांबला.

टेकचंद झोपडीच्या दाराशी उभा होता. रुख्मानं जमिनीवरचे तांदूळ गोळा करून सुपात घेतले होते आणि उजेडाला बसून खडे वेचत होती. तांदूळ मातकट झाले होते.  माफी मागायला शब्द हवेत, आणि टेकचंदजवळचे सगळे शब्द आज सकाळीच पॉलिमरच्या मुठीवर खर्च झाले होते. तो खाली बसला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला.

रुख्मानं त्याच्याकडे पाहिलं नाही. बरंच वेचून झाल्यावर तिनं सूप अर्धं त्याच्या बाजूला सरकवलं. "बारीक खडे राह्यले," ती म्हणाली. "नीट पाहून काढा."